टोमासचा गुडघा

ऑक्टोबर अर्धा सरतो आणि दुबईतल्या अल कुसैसमधल्या आमच्या फ्लॅटची खिडकी एका सकाळी कोरडी दिसते. मे-जूनपासून ती रोज पहाटे बाहेरच्या अंगाने ओली असते. आत एसी, बाहेर दमट भट्टी, त्यामुळे काचेला बाहेरून घाम. मग एक दिवस तो घाम थांबतो. सुनंदा गॅलरीचं दार सताड उघडते, ‘संपला बाई एकदाचा’ म्हणते. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गाद्या उन्हात घालायला बाहेर येतात, खाली पार्किंगमध्ये पोरं स्टंपसाठी खोकी शोधू लागतात. सगळ्या मुलखाला हायसं वाटतं. मला मात्र त्या कोरड्या काचेकडे बघून दमायला होतं. अजून काहीच केलेलं नसतं, चहासुद्धा व्हायचा असतो, आणि पोटऱ्यांत गोळे आल्यासारखं वाटतं.

मुग्धा यंदा दहावीला आहे. तिला म्हटलं, ‘ये जरा गॅलरीत, हवा बघ कशी सुटलीय.’ तर पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, नॉट नाऊ. आय हॅव अ टेस्ट.’ मी एकटाच उभा राहिलो. मग कोल्ड स्टोरेजची गाडी आली आणि कामाला गेलो.

हे दमणं आताचं नाही. सात वर्षांपूर्वीच्या एका सीझनचं आहे. तेव्हा आम्ही अबुधाबीत होतो आणि काचा कोरड्या झाल्या की माझ्या कामाचा सीझन सुरू व्हायचा. काम बर्फाचं. पण सरबतात घालायच्या किंवा मासळीवर टाकायच्या बर्फाचं नव्हे. खेळायच्या बर्फाचं.

मासळीचा बर्फ मी आधी केला होता. आयटीआय करून रत्नागिरीत नऊ वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली. पत्र्याचे उंच डबे, खाऱ्या पाण्याची टाकी, अमोनियाचा नाकात बसलेला वास आणि हुकाने ओढायच्या लाद्या. लादी लवकर जमावी आणि उशिरा वितळावी, याहून जास्त त्या बर्फाकडून कुणी काही मागत नसे. ती पांढरी आहे की काचेसारखी, गुळगुळीत आहे की खडबडीत, पापलेटाला काय त्याचं? मग एजंटाने ‘आइस प्लांट टेक्निशियन, गल्फ’ अशी जागा दाखवली. मी हो म्हटलं, आणि अबुधाबीत ज्या दालनात मला नेऊन उभं केलं तिथे समोर साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद अशी एकच लादी पसरलेली होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री. आत माणसं स्वेटर घालून, पायांत पात्यांचे बूट चढवून त्या लादीवर धावत होती आणि काठ्यांनी एका काळ्या रबरी चकतीला मारत होती. मला पहिल्यांदा हसूच आलं. मग थंडी वाजायला लागली.

खेळ आइस हॉकीचा, त्या दालनाला म्हणायचं रिंक. तो संघ पगारी होता. परदेशातून करारावर आणलेले पाच जण, चार-पाच स्थानिक तरुण आणि उरलेले बँकांतले, तेल कंपन्यांतले गोरे लोक, जे ऑफिस सुटल्यावर यायचे. आखातातले सहा संघ आपसांत खेळायचे. ऑक्टोबर ते मार्च, बहुतेक गुरुवारी संध्याकाळी मॅच, कारण शुक्रवारी सुट्टी. मालक म्हणजे आमचा अरबाब क्वचितच यायचा. सगळा कारभार मॅनेजर रशीदभाईंच्या हातात. ते आमच्या खेडचे, तीस वर्षांपूर्वी आलेले. मला पहिल्या दिवशी म्हणाले होते, ‘साळवी, ह्या खेळातलं तुला काय समजायला नको. बरफ बघायचा. यल्ला, लाग कामाला.’

पण बर्फच मला समजत नव्हता. दोन डावांच्या मध्ये गाडी फिरवून बर्फाचा वरचा पापुद्रा खरवडायचा आणि मागून पाण्याचा पातळ थर सोडायचा, हे रोजचं काम. मी त्या गाडीच्या टाकीत थंडगार पाणी भरायचो. गरम पाणी बर्फावर ओतणारा माणूस आमच्या कारखान्यात वेड्यात निघाला असता. पहिलं वर्षभर माझा बर्फ वरून पोपडे धरायचा. खेळाडू शिव्या द्यायचे, पण त्या अरबीत, रशियनमध्ये आणि इंग्रजीत असल्यामुळे मला कळायच्या नाहीत. शेवटी एक जण माझ्याकडे आला. उंच, ओणवा, केस विरळ झालेला, भुवईवर टाक्यांची खूण. आमचा गोलकीपर टोमास. युरोपातल्या कुठल्याशा लहान गावातला. त्याने गाडीच्या टाकीत हात घातला, डोकं हलवलं आणि मला हाताला धरून गरम पाण्याच्या नळापाशी नेलं. गरम पाणी खालच्या थराला किंचित वितळवतं आणि मग दोन्ही थर एकजीव होऊन जमतात, हे त्याने मला दोन बोटं एकमेकांत गुंतवून दाखवलं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं. पण ते बोटांचं मला लगेच कळलं.

तेव्हापासून आमची गट्टी जमली. मॅचच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी तो यायचा. इमारतीच्या मागे, माझी गाडी जिथे खरवडलेला बर्फ ओतायची, तिथे पांढरा ढीग असायचा. कडक उन्हात, वाळूवर, छातीइतका उंच ढीग. टोमास एक प्लास्टिकची खुर्ची ओढून घ्यायचा, पँट मांडीपर्यंत दुमडायचा आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत त्या ढिगात खुपसायचा. त्याच्या गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं होतं. शिवण जांभळी दिसायची. पाय बर्फात, डोकं उन्हात, हातात माझ्या थर्मासमधला चहा, असा तो तास-दीड तास बसायचा. ढीग हळूहळू खचायचा आणि पाण्याचा ओघळ वाळूत जाऊन नाहीसा व्हायचा. मी पाईप तपासायच्या निमित्ताने तिथेच घुटमळायचो. तो म्हणायचा, अजून एक-दोन सीझन, मग गावी जाऊन तिथल्या रिंकवर पोरांना उभं राहायला शिकवायचं. गोलकीपिंग नंतर, आधी नुसतं उभं राहायला. त्यासाठी गुडघा शाबूत घरी न्यायचा होता. ‘निम्मा चालेल,’ म्हणायचा. ‘निम्मा गुडघा पुरेल मला.’

ज्या सीझनबद्दल लिहितोय त्याच्या आधीच्या जूनमध्ये सुनंदा आणि मुग्धा आल्या. मुग्धा जन्मायच्या आधीच मी इकडे आलो होतो आणि आठ वर्षं आठ जणांच्या खोलीत काढली होती. दोन वर्षांतून एक महिना गावी. मुग्धा आठ वर्षांची झाली तेव्हा मी हिशोब केला होता की आपण या मुलीबरोबर उणेपुरे चार महिने राहिलो आहोत. मालकाने रिंकच्या मागच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर द्यायचं कबूल केलं आणि मग व्हिसा झाला. आल्यावर पहिले दोन आठवडे मुग्धा माझ्याशी थेट बोलायचीच नाही. ‘आई, त्यांना विचार पंखा कुठे आहे.’ मी समोरच बसलेला. सुनंदा हसायची, मी पण हसायचो, आणि मग प्लांटरूममध्ये जाऊन काही वेळ नुसता कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत बसायचो. हळूहळू तिने मला विचारायला सुरुवात केली. पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही एवढा बर्फ का करता?’ प्रश्न मला विचारला होता याचाच आनंद झाला.

त्या वर्षी दसरा सीझनच्या पहिल्या मॅचच्या आधी दोनच दिवस आला. आम्ही कारखान्यातली माणसं. दसऱ्याला यंत्राला हळदकुंकू लागलं नाही तर हात चालत नाही. रशीदभाईंना विचारलं, ते म्हणाले, ‘कर ना बाबा, गुपचाप कर, नारळ बाहेर फोड.’ सुनंदा आणि मुग्धा पूजेचं ताट घेऊन प्लांटरूममध्ये आल्या. कॉम्प्रेसरला, बर्फाच्या गाडीला, माझ्या पान्यांच्या पेटीला हळदकुंकू झालं. झेंडूची फुलं मिळाली नव्हती, प्लास्टिकची माळ होती. टोमास दारात उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, हे काय? मी सांगितलं, ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्या हत्याराची आज पूजा. तो खुर्ची ओढून बसला आणि पँट दुमडून त्याने गुडघा पुढे केला. मुग्धा आईकडे बघायला लागली. सुनंदा म्हणाली, ‘लाव गं.’ मुग्धाने त्या जांभळ्या शिवणीवर बोटाने हळद लावली, कुंकू लावलं आणि दोन तांदूळ चिकटवले. एवढ्या मोठ्या माणसाने डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्याच दिवशी रशीदभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं. ‘साळवी, अरबाब बोललाय. टीम टॉप दोनमध्ये आली, फायनल खेळली, तर पुढल्या वर्षी रिंक चालू. नाय तर खलास. टाइल्सचा गोदाम करणार. त्याच्या भाच्याने डोक्यात घातलंय.’

‘आणि आपण?’

‘आपण कोण? माझं बघेल कुठेतरी. तुझा व्हिसा रिंकवर. कॅन्सल. बायकोपोरीचा तुझ्याबरोबर.’ मग मला पाणी दिलं. ‘इन्शाल्ला होईल सगळं. तू बरफ बघ.’

मी सुनंदाला त्याच संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. तिने फक्त विचारलं, ‘किती मॅच आहेत?’ मी म्हटलं, पंधरा. ती बोटांवर आठवडे मोजत बसली. मुग्धाचं तिसरीचं वर्ष मार्चमध्येच संपत होतं.

आणि मग तो सीझन सुरू झाला. सलग हरणारा संघ परवडतो. माणूस सामानाची बांधाबांध करतो आणि मोकळा होतो. सलग जिंकणारा तर परवडतोच. आमचा संघ या दोन्हींपैकी काहीच नव्हता. पहिल्या तीन मॅच हरला. मी मनातल्या मनात रत्नागिरीच्या शाळेत मुग्धाचं नाव घालून मोकळा झालो, तोच त्यांनी लागोपाठ चार जिंकल्या. मग शेवटच्या नंबरच्या संघाकडून नऊ-एक असे हरले, ज्या संघात एक दातांचा डॉक्टर होता आणि दोन जण तर चाळिशीच्या पुढचे होते. पुन्हा दोन जिंकले. एक बरोबरी. एक अशी हरले की शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे होते. बाकीच्यांना यात काही ताळमेळ दिसत नव्हता, पण मला दिसत होता, कारण मी शुक्रवारच्या ढिगापाशी असायचो. टोमासचा गुडघा बरा असला की आम्ही जिंकायचो. सुजला की हरायचो. एवढं सोपं होतं ते, आणि त्यात मी काही करू शकत नव्हतो, बर्फ जास्त खरवडून ढीग मोठा करण्यापलीकडे.

मॅचच्या दिवशी मी घरी यायचो तेव्हा सुनंदा दार उघडून तशीच उभी राहायची.

‘काय झालं?’

‘पाच-दोन.’

‘कोण पाच?’

या दोन शब्दांत तिचा जीव अडकलेला असायचा. खेळाचं तिला काही कळत नव्हतं, त्या चकतीला ती ‘बिल्ला’ म्हणायची. पण गुण कुणाला किती, कुणाने कुणाला हरवलं तर आपण वर जातो, हे तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. आमच्या घरातला तांदूळसुद्धा त्यावर यायचा. जिंकलो की ती शुक्रवारी दुकानातून वीस किलोची गोणी आणायला लावायची, हरलो की दोन किलोची पिशवी. ‘कशाला उगाच मागे ठेवून जायचा?’ म्हणायची. नऊ-एकच्या आठवड्यात तर तिने अर्ध्या वापरलेल्या गोणीतला तांदूळ शेजारच्या मल्याळी बाईला देऊन टाकला. पुढच्या गुरुवारी जिंकलो. मग परत मागायची लाज वाटली म्हणून नवी गोणी आणली. आम्ही दोघं त्यावर खूप हसलो, पण हसून झाल्यावर ती पुन्हा कॅलेंडरच्या मागचे आकडे बघायला लागली.

आशेने माणूस इतका दमतो हे मला आधी माहीत नव्हतं. कारखान्यात बारा-बारा तास लाद्या ओढल्या, कधी असा गळून गेलो नव्हतो. मॅच चालू असताना मी काचेच्या भिंतीमागे गाडीवर बसून असायचो. चकती आमच्या जाळ्याकडे निघाली की मला त्यात चकती दिसायची नाही, विमानतळावरची रांग दिसायची. सुनंदाच्या हातात पासपोर्ट, मुग्धाच्या पाठीवर शाळेचं दप्तर, मी एकटाच काचेच्या अलीकडे. टोमास आडवा पडून ती अडवायचा आणि रांग नाहीशी व्हायची. एका मॅचमध्ये असं तीस-पस्तीस वेळा. मी दर वेळी त्याचे मनातून पाय धरायचो.

दरम्यान मुग्धा बदलत होती. ती माझ्या गाडीवर बसून रिकाम्या रिंकला फेऱ्या मारायची. ढिगातला बर्फ स्टीलच्या डब्यात भरून शाळेत न्यायची, मधल्या सुट्टीत त्याचं पाणी झालेलं असायचं, तरी रोज न्यायची. टोमासने तिला बर्फावर उभं राहायला शिकवलं. तिच्यासाठी जुने बूट आणले. मी किंमत विचारली तर म्हणाला, माहीत नाही, दुकानात असलेच तीनशे दिरमला आहेत. मी मोठ्याने म्हटलं, ‘तीनशे म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर!’ तो म्हणाला, ‘साळवी, मोजू नकोस. ती पडते कशी ते बघ. पडायला येतंय तिला, म्हणजे उभं राहायलाही येईल.’ तोवर तिने मला ‘बाबा’ म्हणायला सुरुवात केली होती. कधी ते नक्की आठवत नाही. एवढी वाट बघितलेली गोष्ट, आणि ती नेमकी कधी झाली ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

पंधरावी मॅच मार्चच्या सुरुवातीला होती. चौदा मॅचनंतर हिशोब असा होता की ही जिंकली तर आम्ही दुसरे, फायनल. बरोबरी किंवा हार, तर तिसरे. समोर जो संघ होता त्यात सगळी विशी-बाविशीची मुलं. वाऱ्यासारखी पळायची. याआधी दोनदा त्यांनी आम्हाला हरवलं होतं, नुसत्या पळण्याने. आमच्या संघाचं सरासरी वय काढायला नको. टोमास छत्तीसचा.

आदल्या दिवशी सुनंदा भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘बर्फ तर तुम्हीच करता ना?’

‘हो.’

‘मग त्या बर्फाचं काही करता येत नाही का? आपल्याला बरं पडेल असं?’

ती सहज म्हणाली. तिला काही ठाऊक नव्हतं. पण मला ठाऊक होतं. बर्फ उणे सहावर ठेवला की टणक असतो, त्यावर पातं सपासप जातं, जो पळणारा आहे त्याला तो हवा असतो. उणे तीनवर आणला की तो मऊ पडतो. दिसायला तसाच, पण पातं रुततं, चकती जडावते, पळणारा पाच मिनिटांत धापा टाकतो. मासळीच्या बर्फात आयुष्य घालवलेल्या माणसाला मऊ बर्फ म्हणजे काय हे कुणी सांगावं लागत नाही. टोमासने मला कधीतरी सांगितलं होतं की त्यांच्याकडे बर्फ करणारा माणूस मॅचच्या दिवशी कुणाचाच नसतो. मी तेव्हा मान डोलावली होती.

गुरुवारी दुपारी बारा वाजता मी प्लांटरूममध्ये गेलो आणि काटा सहावरून तीनवर आणला. मला कुणी सांगितलं नव्हतं. रशीदभाईंनी नाही, कोचने नाही. बर्फाखालच्या काँक्रीटमधले पाईप थंडी हळूहळू सोडतात, चार-पाच तास लागतात, म्हणून बाराला. मी डबा उघडून जेवलोसुद्धा तिथेच.

मॅच माझ्या मनासारखी झाली. ती पोरं पहिल्या डावातच वैतागली. एक जण बुटाच्या पात्यातला चोथा काढत राहिला, एकाने काठी आपटली. आमचे लोक मुळातच हळू, त्यांना फार फरक पडला नाही. आम्ही दोन गोल केले, त्यांनी एक. तिसऱ्या डावातली आठ मिनिटं उरली होती. त्यांचा एक जण डावीकडून आला आणि त्याने चकती उजवीकडे दिली. टोमासला जाळ्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकायचं होतं. त्याने उजव्या पायाने रेटा दिला. अंग गेलं. पाय गेला नाही. पातं बर्फात रुतून राहिलं आणि त्यावर तो सगळाच्या सगळा फिरला. चकती त्याच्या छातीवर लागून बाहेर गेली, म्हणजे गोल त्याने अडवलाच. मग तो उठला नाही. मी गाडीवरून उतरून काचेला हात लावून उभा होतो, आणि मला अगदी स्वच्छ दिसलं की तो हाताने बर्फ चाचपतोय.

त्याला उचलून नेलं. बँकेत काम करणारा एक बदली गोलकीपर उरलेली आठ मिनिटं उभा राहिला. त्याच्याकडे जोरात काही आलंच नाही, त्या बर्फावर येणंच शक्य नव्हतं. दोन-एक. रशीदभाईंनी मला मिठी मारली. नंतर म्हणाले, ‘बरफ जरा ढिला होता काय रे आज?’ मी म्हटलं, ‘ह्युमिडिटी.’ ते म्हणाले, ‘हां, ह्युमिडिटी.’ या मुलखात ह्युमिडिटी म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

घरी सुनंदाने दार उघडलं. मी म्हटलं, ‘दोन-एक. आपण दोन.’ ती खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली, ऑक्टोबरपासून साठवलेलं सगळं. मग उठून तिने शिरा केला. मी टोमासच्या पायाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘अरे देवा, बिचारा,’ आणि देवाजवळ त्याच्यासाठी साखर ठेवली. मी दोन वाट्या शिरा खाल्ला. खाल्ला, हेही लिहायला हवं.

फायनल आम्ही सहा गोलांनी हरलो. पण फायनल खेळलो होतो, तेवढं पुरलं. रिंक चालू राहिला. तीन वर्षं आणखी. मग भाच्याने मनासारखं केलंच आणि तिथे टाइल्सचं गोदाम झालं. तोवर माझ्या हातात अनुभवाचा कागद होता, इकडे कोल्ड स्टोरेजमध्ये जागा मिळाली. पुन्हा मासळी आली, ती आता ओमानची आणि नॉर्वेची. मुग्धा इथेच वाढली. तिच्या तोंडचं मराठी थोडं कमी झालं, पण रोज रात्री जेवताना ती माझ्यासमोर बसते, नाक मुरडून भेंडी बाजूला काढते. हे मला त्या काट्याच्या तीन घरांनी दिलं.

सुनंदाला मी आजवर सांगितलेलं नाही. तिला वाटेल तिने सुचवलं म्हणून झालं. तसं नव्हतं. मला आधीपासून माहीत होतं, मी फक्त कुणीतरी तोंडाने म्हणण्याची वाट बघत होतो. अनेकदा मी मनात त्या गुरुवारी परत जातो. प्लांटरूम, दुपारचे बारा, जेवणाचा डबा. आता तर पुढे काय होणार तेही ठाऊक असतं. तरी हात जातो, आणि काटा दर वेळी तीनवरच येतो. एकदा जरी तो सहावर राहिला असता, मनातल्या मनात का होईना, तर मी रडून मोकळा झालो असतो. पश्चात्ताप माणसाला जरा टेकू तरी देतो. मला तोही घेता येत नाही. म्हणून मी दमलेला असतो.

टोमास एप्रिलच्या शेवटी गेला. तिसरं ऑपरेशन इथेच झालं होतं. डॉक्टरने सांगितलं होतं की चालेल, पण बर्फावर पुन्हा उभा राहणार नाही. खेळायला नाही, शिकवायलाही नाही. जाण्याआधी तो मागच्या दाराने आला, दोन कुबड्यांवर. सीझन संपला होता, ढीग नव्हता, नुसती ओलसर वाळू होती. मी खुर्ची आणली. मुग्धा शाळेत होती. त्याने तिच्याबद्दल विचारलं, मी सांगितलं, चौथीत गेली. त्याला बरं वाटलं. चहा झाला. मग तो म्हणाला, ‘साळवी, एक विचारू? त्या दिवशी बर्फ किती होता?’

मी म्हटलं, ‘मायनस सहा. नेहमीसारखा.’

मग त्याने मान हलवली, सावकाश, पटल्यासारखी.

‘म्हणजे गुडघाच,’ तो म्हणाला. ‘मी डॉक्टरला सांगत होतो, पाय रुतला, बर्फ मऊ होता. सगळ्यांना सांगितलं मी. कोचला पण.’ त्याने कुबडी खुर्चीला टेकवली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. ‘माझं चुकलं. तुझं काम असं नसतं, मला माहीत असायला हवं होतं. सॉरी, साळवी.’

मी म्हटलं, ‘नो प्रॉब्लेम, टोमास.’